नदी एक, बैठका अनेक

पाऊस कमी पडलेल्या वर्षी ऑक्टोबर उजाडला की नाशिक जिल्ह्यात पाण्याचा वाद ठरलेला. निफाडच्या चहाच्या टपरीपासून लोकप्रतिनिधींच्या पत्रकार परिषदेपर्यंत मांडणी एकच असते. गंगापूर, दारणा, मुकणे, पालखेड ही धरणं आमच्या डोंगरातल्या पावसावर भरली, त्यांच्यासाठी आमच्या लोकांच्या जमिनी गेल्या, आणि आता तिथलं पाणी खाली मराठवाड्यात, पैठणजवळच्या जायकवाडीला सोडणं म्हणजे आमच्या द्राक्षबागा वाळवणं. वरच्या आणि खालच्या लोकांनी एकत्र बसून ठरवावं, असं कुणी सुचवलं तर उत्तर तयार असतं. पाण्याचं वाटप गोड बोलून होत नाही. ते कायद्यानं, कोर्टानं किंवा मंत्रालयातल्या वजनानं होतं. आणि कायमचा इलाज हवा असेल तर समुद्राला जाणारं पश्चिमेचं पाणी गोदावरीत आणा, भांडणच संपेल.

मी नाशिकचाच आहे. या बोलण्यामागची भीती खोटी नाही, हे मला ठाऊक आहे. गोडी छाटणी करून, औषधांचा आणि मजुरीचा पैसा बागेत ओतून बसलेल्या माणसाला ‘पाणी सोडणार’ ही बातमी काय वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको. तरीही ही मांडणी चुकीची आहे, आणि तिची सर्वात मोठी किंमत नाशिकच मोजतं आहे.

‘आमचं धरण’ या शब्दांपासूनच सुरुवात करू. दारणा धरण इगतपुरी तालुक्यातलं, ब्रिटिशांनी 1916 मध्ये पूर्ण केलेलं. त्याचं पाणी नदीतून नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून निघणारे गोदावरीचे डावे-उजवे कालवे प्रामुख्यानं कोपरगाव, राहाता भागातली शेती भिजवतात. म्हणजे इगतपुरीच्या पावसावर अहिल्यानगर जिल्ह्यातला ऊस शंभर वर्षांहून जास्त काळ उभा आहे. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; येवला, सिन्नरकडे येईस्तोवर तो पाचशेच्या आसपास उतरतो. पाऊस पडला त्याचं पाणी, हा न्याय लावला तर निफाडच्या द्राक्षांचा दिंडोरीच्या धरणांवर हक्क उरत नाही आणि नाशिक शहराचा मुकण्यावर उरत नाही. सगळ्यात पहिला हक्क मग इगतपुरी-त्र्यंबकच्या त्या वाड्या-पाड्यांचा ठरेल, जिथल्या बायका चहूबाजूंनी धरणं असताना एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन झरे शोधत फिरतात. त्यांना ‘आमचं पाणी’ म्हणायची संधी आपण कधी दिली? तेव्हा पैठणकडे बोट दाखवताना आपल्याच जिल्ह्यात एक वरचा आणि एक खालचा आहे, हे विसरून चालणार नाही. जो युक्तिवाद आपण खालच्यासमोर करतो, तोच आपल्या वरच्यानं आपल्यासमोर केला तर आपल्याला सोसणार नाही.

आता जायकवाडी. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये पायाभरणी केलेलं आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेलं हे धरण. त्याची एकूण क्षमता सुमारे 102 टीएमसी, उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसीच्या घरात. त्याची आखणी झाली तेव्हा वरच्या भागानं किती पाणी वापरायचं, याचा अंदाज धरलेला होता. पुढे वर त्याहून जास्त साठे उभे राहिले. ती धरणं चोरून बांधलेली नाहीत, सरकारच्याच मंजुरीनं, सरकारच्याच पैशानं बांधली गेली. पण एका हातानं खाली मोठं धरण बांधायचं आणि दुसऱ्या हातानं वर ते भरणार नाही याची तजवीज करायची, हे एकाच राज्यानं केलं आहे. यात ना नाशिकचा शेतकरी गुन्हेगार आहे ना पैठणचा.

‘कोर्टच ठरवेल’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे : कोर्टानं ठरवून झालेलं नाही का? 2005 मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. त्याच्या कलम 12(6)(ग)नं टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट सारखी सोसावी, हे तत्त्व घातलं. 2013 मध्ये मेंढेगिरी समितीनं त्याचं गणित मांडलं. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, कोणत्या धरण समूहातून किती, तेही कोष्टकात. सप्टेंबर 2014 मध्ये प्राधिकरणानं आदेश काढला, सप्टेंबर 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो उचलून धरला. कायदा आहे, सूत्र आहे, निकाल आहे. मग भांडण का संपलं नाही? 2015 मध्ये 12.84 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, 2018 मध्ये सुमारे 9, 2023 मध्ये 8.6. प्रत्येक वेळी मोर्चे, रास्ता रोको, याचिका, बंदोबस्त.

2023 चंच पाहा. आदेश ऑक्टोबरच्या शेवटी निघाला. मग स्थगितीसाठी धावाधाव, सर्वोच्च न्यायालयापर्यंत. प्रत्यक्ष विसर्ग सुरू व्हायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तोवर नदीचं पात्र आटलेलं. मग कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे काढायचे. गाळात रुतलेला लोखंडी बरगा साखळी लावून ओढावा लागतो, एकेका बंधाऱ्यावर तास जातात, आणि काठावर ज्यांनी तेच पाणी अडवण्यासाठी महिन्यापूर्वी बरगे बसवले ती माणसं उभी असतात. शेजारी पोलीस. काठावरच्या मोटारी चालू नयेत म्हणून वीज बंद. म्हणजे ज्याच्या विहिरीचं नदीशी काही देणंघेणं नाही, त्याच्या घरातही अंधार. एवढं करून पाणी कोरड्या वाळूत मुरत पैठणला पोहोचतं.

आणि नेमकं हेच मुरलेलं पाणी आपण युक्तिवाद म्हणून वापरतो : ‘बघा, वाटेतच एवढं वाया जातं, तर सोडताच कशाला?’ पाणी वाया जातं हे खरं. पण ते उशिरा सोडल्यामुळे जातं. सप्टेंबरअखेर, नदी वाहती असताना आणि काठचे झरे भरलेले असताना तेवढंच पाणी सोडलं तर वाळू आधीच भिजलेली असते आणि नासाडी कितीतरी कमी होते. वर जे राहतं ते द्राक्षाला राहतं. उशीर आपण भांडून मिळवतो, नासाडी आपल्याच खात्यात पडते, आणि तिलाच आपण न देण्याचं कारण करतो. बागाइतदाराच्या बाजूनंही विचार करा. 15 ऑक्टोबर ही तारीख गोडी छाटणीच्या ऐन मध्यावर येते. छाटणी झालेल्या बागेला नंतर पाणी नाही म्हणणं हा सर्वात वाईट निरोप. तोच निरोप ऑगस्टअखेरीस, ‘यंदा एवढी तूट दिसते, तुमच्या वाट्याला आवर्तनं दोनच’ असा मिळाला, तर माणूस एक प्लॉट कमी धरील, शेततळं भरून ठेवील. निश्चित थोडं पाणी हे अनिश्चित जास्त पाण्यापेक्षा बरं, हे कुठल्याही बागाइतदाराला शिकवावं लागत नाही.

कोर्ट हक्क सांगू शकतं. तुटीच्या वर्षी कोणत्या आठवड्यात कोणतं पीक सोडायचं, कोणत्या बंधाऱ्याचे बरगे कधी बसवायचे, हे कोर्ट सांगू शकत नाही. ते पाणी वापरणाऱ्यांनाच ठरवावं लागतं. आणि हे पुस्तकी वाटत असेल तर दूर जायला नको, ओझरला जाऊ.

दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटी निफाड तालुक्यातलं ओझर. धरण झालं, कालवा झाला, पण शेपटाला पाणी येईना. वरचे जितकं घेतील तितकं घेणार, मधले उरलेलं घेणार, ओझरच्या वाट्याला कोरडी चारी. 1990 च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र केलं. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाटबंधारे खात्याशी करार केला : आम्हाला एकरावर नको, मोजून पाणी द्या, पैसे मोजलेल्या पाण्याचे घ्या, पीक कोणतं घ्यायचं ते आमचं आम्ही पाहू. पाणी मोजून मिळायला लागल्यावर ते जपणं परवडू लागलं. ओढ्या-नाल्यांत बंधारे घालून विहिरी भरल्या गेल्या, आणि विहिरीला पाझर मिळतो म्हणून विहीरवाल्यानंही पट्टी द्यायची, असं ठरलं. हे शेपटाला जमलं म्हटल्यावर मधल्या आणि वरच्या गावांनीही संस्था काढल्या. पुढे त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला आणि अख्ख्या वाघाड प्रकल्पाच्या सिंचनाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला.

चारीच्या मुखाशी काँक्रीटचा अरुंद गळा असतो, बाजूच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी. पाळी सुरू असली की पट्टीवरचा आकडा वहीत लिहायचा, वेळ लिहायची, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. बस, एवढंच. पण ही वही कुणालाही उघडून बघता येते, आणि म्हणून ‘वरच्यांनी रात्री पाणी फोडलं’ या आरोपाला आकड्याशिवाय जागा उरत नाही. वाघाडची माणसं काही जगावेगळी सज्जन नाहीत. भांडणं तिथेही झाली. फरक इतकाच की भांडण कशावर करायचं ते वहीनं ठरवून टाकलं.

याहून जुनंही आपल्याकडेच आहे. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर बागलाण-मालेगावपासून धुळ्यापर्यंत फड पद्धत काही शतकं चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि शक्यतो प्रत्येक खातेदाराचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं की पंच एखादा फड कोरडा ठेवायचे. तो कोरडा राहिला तरी कुणी एकटा बुडायचा नाही, कारण त्या फडात सगळ्यांचंच थोडं थोडं होतं. पाटकऱ्याचं आणि जागल्याचं वेतन गाव देई. तुटीची वाटणी ही कल्पना 2005 च्या कायद्यानं शोधलेली नाही. ती आपल्या शेतकऱ्यांनी कागदावर येण्याच्या कितीतरी आधी अमलात आणली होती.

वाघाडसारख्या अनुभवांतून 2005 मध्येच दुसरा एक कायदा झाला, सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातल्या शेतकऱ्यांना सारखं स्थान, आणि अध्यक्षपदही या तीन भागांत फिरतं. पाणी ज्याच्या दारातून आधी जातं त्याच्या हाती कारभार एकवटू नये, हा त्यामागचा साधा विचार. आता सांगा, पाचशे-हजार एकरांच्या चारीवर जे सरकार शेतकऱ्याला हा नियम लावतं, त्यानं तो स्वतःच्या नदीला का लावला नाही? गंगापूर प्रकल्पाची कालवा सल्लागार समिती वेगळी, पालखेडची वेगळी, जायकवाडीची वेगळी. प्रत्येक समिती आपापल्या धरणाच्या साठ्यावर आपापली आवर्तनं ठरवते, तिथले लोकप्रतिनिधी आपापल्या भागाचं बोलतात, आणि ते बरोबरच आहे, त्यांना त्यासाठीच निवडलेलं आहे. पण या सगळ्यांनी मिळून एका टेबलाशी बसावं अशी एकही कायमची जागा नाही. प्राधिकरणाच्या कायद्यानं ‘नदी खोरे अभिकरण’ म्हणून ज्यांना नेमलं, ती आपली पाटबंधारे विकास महामंडळं. धरण बांधण्यासाठी आणि त्यासाठी पैसा उभारण्यासाठी जन्मलेल्या संस्था. त्यांच्यात पाणी वापरणाऱ्याला खुर्ची नाही. राज्याचा एकात्मिक जल आराखडा मंजूर करायचा होता मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य जल परिषदेनं. तिची पहिली बैठक झाली 2015 मध्ये, कायदा होऊन दहा वर्षांनी. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं तर 1999 मध्येच खोरं आणि उपखोरं हे नियोजनाचं एकक मानलं होतं.

‘वाघाड चिमुकलं, गोदावरी अफाट, तिथलं इथे कसं चालेल?’ हा आक्षेप गंभीर आहे. गोदावरीचं खोरं तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे, आणि एवढ्या पसाऱ्यात ओळखीपाळखीचा भरवसा कामाला येत नाही, हे मान्य. पण याच नदीवर नांदेड जिल्ह्यात बाभळीचा बंधारा आहे. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले. 28 फेब्रुवारी 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राच्या बाजूनं निकाल दिला, पण अटी घातल्या : 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे, 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली, आणि देखरेखीला तीन जणांची समिती, केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन्ही राज्यांचा एकेक. दरवर्षी 1 जुलैला महाराष्ट्राचे आणि आता तेलंगणाचे अधिकारी हजर असताना दरवाजे वर जातात. तारीख आधी ठरलेली, आकडा आधी ठरलेला, दोघांचे डोळे एकाच दरवाजावर. बोलायला दोन वेगळ्या भाषा असलेली दोन राज्यं जे करू शकतात, ते एका राज्यातले, एकाच भाषेतले दोन शेजारी विभाग करू शकत नाहीत, हे मला पटत नाही.

मोठ्या खोऱ्यात काय बिघडतं, तेही पाहायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात 2010 मध्ये तज्ज्ञांनी पाणीकपातीचा मसुदा जाहीर केला आणि ग्रिफिथ गावातल्या शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या. आराखड्याला मंजुरी मिळायला 2012 उजाडलं. शास्त्र कच्चं होतं म्हणून ते पेटलं नाही. ज्यांच्या पाण्याला कात्री लागणार होती, त्यांनी तो आकडा पहिल्यांदा छापील कागदावर वाचला. मेंढेगिरी समितीचं कोष्टक नाशिकच्या शेतकऱ्यापर्यंत असंच पोहोचलं. पुढे मांदाडे समितीनं केलेलं त्याचं पुनर्विलोकनही 65 टक्के खाली आणायचे की नाही, एवढ्याच चर्चेत अडकलं. टक्का किती हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण तो टक्का कुणी, कुणाच्या समोर, कोणत्या मोजमापावर काढला, यावर तो पाळला जाणार की नाही हे ठरतं.

राहिला पश्चिमेच्या पाण्याचा मुद्दा. दमणगंगा, वैतरणा, नार-पार यांचं पाणी वळवण्याच्या योजनांना माझा सरसकट विरोध नाही. पण ते पाणी उपसून आणावं लागेल, विजेचं बिल दरवर्षी येईल, वर्षं लागतील, आणि सुरगाणा-पेठच्या आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. समजा ते आलं. ते कुणाचं? नाशिक म्हणेल आमच्या घाटातून आलं, मराठवाडा म्हणेल तुटीसाठी आणलं. वाटायचा नियम नसताना पाणी वाढलं की भांडणही वाढतं. गेल्या पन्नास वर्षांत प्रत्येक नव्या धरणानं हेच दाखवलं. आधी टेबल, मग बोगदा, हा क्रम उलटा करून चालणार नाही.

आणि नदी म्हणजे फक्त टीएमसी नव्हे. नाशिक शहर गंगापूर, दारणा, मुकण्याचं पाणी पितं आणि सांडपाणी गोदेत सोडतं. ते नांदूरमध्यमेश्वरला साचतं, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे पक्ष्यांच्या जोडीला पाणवेलींचे गालिचे वाढतात. त्याखालची गावं तेच पाणी वापरतात. 2027 च्या सिंहस्थासाठी रामकुंडापुरतं पाणी स्वच्छ दाखवून भागणार नाही. 1986 मध्ये बाझेलजवळच्या गोदामाच्या आगीतलं विष ऱ्हाईन नदीत उतरलं तेव्हा काठावरच्या देशांनी वर्षभरात एकत्र कृती कार्यक्रम आखला आणि पुढे सॅमन मासा नदीत परतला. त्यांचा नदी आयोग मात्र 1950 पासून बसत होता. संकटाच्या दिवशी टेबल बनवायला कुणालाच वेळ नसतो.

या टेबलावर नाशिकचं काय जाईल? काही पाणी जाईल, आणि ते कायद्यानं आजही जातंच आहे. मिळेल ते मोठं आहे. आज आपण रस्त्यावर विचारतो : आमच्या द्राक्षाला कात्री लावून खाली ऊस का? जायकवाडीच्या नाथसागर या उथळ, पसरट जलाशयातून बाष्पीभवनानं किती जातं? औद्योगिक वसाहती पाण्याचा पुनर्वापर किती करतात? जायकवाडीच्या कालव्यांच्या शेवटच्या शेतकऱ्याला खरंच पाणी मिळतं का? हे प्रश्न रास्त आहेत. पण घोषणा म्हणून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं. बरोबरीनं बसणाऱ्यालाच समोरच्याची वही मागता येते, अट म्हणून. आणि आपली वही मागितली तर ती पुढे करावी लागते; नदीकाठच्या बिनपरवाना मोटारींसकट.

ही जागा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला आजच्या कायद्याच्या चौकटीत घडवता येईल. वरची, मधली, खालची अशी सारखी खुर्ची; पाणीवापर संस्था, महापालिका, उद्योग आणि वर वाड्या-पाड्यांवर राहणारी माणसंही त्यात. पहिली बैठक मे महिन्यात, दुसरी ऑगस्टअखेरीस, म्हणजे 15 ऑक्टोबरला फक्त बेरीज तपासायची उरेल. सगळ्या विसर्गांचे आणि उचलींचे आकडे रोज सगळ्यांना दिसतील असे. एकमत झालंच नाही तर मेंढेगिरीचं किंवा मांदाडेंचं कोष्टक आहेच, तेव्हा कुणी अडून बसल्यानं पाणी थांबणार नाही.

सुरुवात वरच्यानं करायची असते, कारण दरवाजाची किल्ली त्याच्याकडे आहे. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहायलाही नको. नाशिकच्या पालकमंत्र्यांनी या वर्षीच्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला पैठणच्या आणि कोपरगावच्या पाणीवापर संस्थांना बोलवावं आणि साठ्याचे आकडे त्यांच्यासमोर वाचावेत.